शेवटच्या भागात कोण उरते? : वाडा-त्रयीतील ‘युगान्त’ आणि दुष्काळाचा इतिहास

एखादी आपत्ती येऊन गेल्यावर उरलेल्या माणसांची कथा सांगणाऱ्या मालिका जगभर लिहिल्या गेल्या आहेत. अशा मालिकेच्या शेवटच्या पुस्तकावर एक वेगळी जबाबदारी असते. पहिल्या भागात जग मोडते, मधल्या भागात माणसे तग धरतात, आणि शेवटच्या भागात लेखकाला सांगावेच लागते, की जे उरले ते कशासाठी उरले. मराठीत अशी कादंबरीमालिका आहे काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्या नमुन्याची, भविष्यकाळात घडणारी आणि सर्वांना ठाऊक असलेली मालिका आमच्या डोळ्यांसमोर येत नाही. परंतु एका घराच्या तीन भागांत सांगितलेल्या कथेचा तिसरा भाग या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. तो कादंबरीत नाही, नाटकात आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाट्यत्रयीतील ‘युगान्त’ हे ते नाटक होय.

या नाटकावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील अस्तित्वविषयक चिंतन, दोन चुलतभावांचा संवाद, भाषेची लय या अंगांनी समीक्षकांनी त्याचा विचार केलेला आहे. आम्ही येथे एक मर्यादित काम करणार आहोत. ‘युगान्त’मधील ओसाडी ही रूपक म्हणून वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती ओसाडी इतिहास म्हणून वाचली तर काय दिसते, आणि मराठवाड्यातील कळंबसारख्या गावातून वाचली तर काय दिसते, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम जागतिक परंपरेकडे एक दृष्टिक्षेप टाकू. मेरी शेली यांची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर साथ पसरते आणि शेवटी एकच माणूस उरतो, अशी तिची कल्पना आहे. वाचक कोणी उरलेला नसतानाही हा माणूस लिहितो. मार्गारेट ॲटवूड यांच्या त्रयीचा शेवटचा भाग, ‘मॅडअ‍ॅडम’, २०१३ मध्ये आला. त्यात उरलेली माणसे एका नव्या, निर्मिलेल्या मानवजातीला गोष्टी सांगतात, आणि त्या नव्या जमातीतील एक मूल अक्षरे गिरवावयास शिकते. दोन्ही कृतींत जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. आपत्ती एकदाच येते. तिच्या अलीकडे एक जग असते आणि पलीकडे दुसरे. मधली रेषा स्पष्ट असते म्हणूनच ‘शेवटचा भाग’ लिहिता येतो.

आपल्याकडे ही रेषा इतकी स्पष्ट नाही. १३९६ मध्ये सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकला अशी परंपरा सांगते. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी राज्याची धान्यकोठारे लोकांना खुली केली, ही कथा घराघरांत माहीत आहे. १६३० ते १६३२ या काळातील दुष्काळाने दख्खन उजाड केले. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई या दुष्काळात अन्नावाचून गेली. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६-९७ मध्ये दुष्काळ आला. या दुसऱ्या दुष्काळावर हरि नारायण आपटे यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दीर्घकथा लिहिली, आणि ‘रामजी’ या नावाने ती १८९७ मध्ये इंग्रजीतही गेली. आपटे हे मध्यमवर्गीय पुणेरी घराचे कादंबरीकार म्हणून ओळखले जातात, परंतु दुष्काळाने त्यांनाही घराच्या उंबऱ्याबाहेर आणले. पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळामुळे धनगरांची वाडीच्या वाडी उठते आणि मास्तर एकटा पडतो.

या क्रमाकडे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या वाङ्मयात जग एकदाच संपत नाही, ते वारंवार संपते. त्यामुळे उरणे हा अपवादात्मक अनुभव राहात नाही, ती जगण्याची रीत होते. मराठवाड्यातील बोलीत दुष्काळात गाव सोडून जाण्याला ‘जगायला जाणे’ असे म्हणतात. अमुक घर जगायला गेले, असे सहज बोलले जाते. या क्रियापदात केवढा इतिहास साठलेला आहे, हे आपण वर्गात क्वचितच सांगतो. गावात राहणे म्हणजे मरणे आणि गाव सोडणे म्हणजे जगणे, असा हिशेब ज्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या केला, तिला आपत्तीनंतरच्या जगाची कल्पना करण्यासाठी भविष्यकाळात जावे लागत नाही.

आता वाडा-त्रयीकडे येऊ. ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावचे देशपांडे घराणे, तात्याजींचा मृत्यू, तेराव्याच्या निमित्ताने एकत्र आलेली मुले, आणि कार्याचा खर्च भागवायचा कसा हा प्रश्न. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, घराण्याचे दागिने, न शिकता राहिलेली प्रभा, सर्वांसाठी राबणारा चंदू, मुंबईहून आलेला सुधीर ही सामग्री मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये काळ सुमारे दहा वर्षांनी पुढे गेला आहे. पुढच्या पिढीचे पराग आणि अभय येथे केंद्रस्थानी येतात. ‘युगान्त’मध्ये काळ आणखी सरकला आहे. पाऊस वर्षानुवर्षे आलेला नाही, भूमीचे वाळवंट होऊ घातले आहे, गाव रिकामे झाले आहे, आणि परदेशातून परतलेला अभय मागे राहिलेल्या परागशी बोलतो आहे. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने १९९४ मध्ये तिन्ही भाग सलग सादर केले. प्रेक्षक सुमारे नऊ तास एका घराचा शेवट पाहात होते. ‘युगान्त’ला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार आणि सरस्वती सन्मान लाभला.

पहिल्या भागातील पडझड कशामुळे झाली, याचे उत्तर नाटकात सूचित आहे आणि इतिहासात स्पष्ट आहे. वतने गेली, कुळकायदे आले. विदर्भासाठी कूळवहिवाट व शेतजमिनीचा कायदा १९५८ मध्ये झाला. पूर्वीच्या हैदराबाद राज्यात, म्हणजे आमच्या मराठवाड्यात, असा कायदा १९५० मध्येच झाला होता. १९६१ च्या कायद्याने शेतजमीन धारणेवर कमाल मर्यादा आली. जमिनीवर स्वतः न राबता जमिनीच्या आधारावर उभे असलेले घर या कायद्यांनंतर टिकणे शक्य नव्हते. वाड्याची भिंत पडते ती पावसाने नव्हे, हिशेबाने पडते. देशपांड्यांच्या घरात पैसा नाही, मात्र प्रतिष्ठा राखण्याची सक्ती आहे. पहिल्या भागात पाण्याचा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण संकट अद्याप एका वर्गाचे आहे. गावातील ज्याने कुळकायद्यात जमीन मिळवली, त्याच्या घरी त्याच वेळी कदाचित पहिल्यांदा पितळी हंडा आला असेल. ‘वाडा चिरेबंदी’ त्या घरात डोकावत नाही. ती त्या नाटकाची मर्यादा आहे आणि त्याचे शिस्तबद्ध बलस्थानही आहे.

तिसऱ्या भागात मात्र संकटाचे स्वरूप बदलते. येथे जमीन कोणाच्या नावावर आहे याला अर्थ उरलेला नाही, कारण जमीनच मेली आहे. सातबारा आहे, पाणी नाही. पहिल्या भागात जे एका घराण्याचे दुःख होते, ते तिसऱ्या भागात भूभागाचे होते. त्रयीचा शेवट आमच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो येथे. एलकुंचवारांनी घराची कथा तिच्या तर्काच्या टोकापर्यंत नेली आणि तेथे त्यांना घर सापडले नाही, उघडे माळरान सापडले.

येथे एक ऐतिहासिक प्रश्न उपस्थित होतो. १९७०-७३ च्या अवर्षणात, ज्याला आपण बहात्तरचा दुष्काळ म्हणतो, महाराष्ट्रात पूर्वीसारखे भूकबळींचे थैमान झाले नाही. लाखो माणसे रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या, नालाबांधांच्या कामांवर खडी फोडून जगली. सुकडी आणि लाल मिलो यांची चव आमच्या आधीची पिढी विसरलेली नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात रूपांतरित झाली आणि हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणून नव्हे, ते मिळविण्याचा हक्क वा सामर्थ्य नसते म्हणून. ज्याँ द्रेज यांनी महाराष्ट्रातील १९७०-७३ च्या अनुभवाचा अभ्यास करून, हाताला काम आणि कामाला मजुरी दिल्यास दुष्काळाचे रूपांतर भूकबळींत होत नाही, हे दाखविले. दामाजीपंतांची कथा याच दृष्टीने पुन्हा वाचावी. धान्य कोठारात होते, प्रश्न कोठाराच्या कुलपाचा होता. लोकपरंपरेला ही गोष्ट अर्थशास्त्राच्या कित्येक शतके आधी कळलेली होती.

मग माणसे वाचली असताना १९९४ मधील नाटक इतकी संपूर्ण ओसाडी का रंगविते? आमचे उत्तर असे आहे, की बहात्तरनंतर माणसे वाचली, जमिनीखालचे पाणी वाचले नाही. त्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचे युग आले. जमिनीखालचे पाणी उपसता येऊ लागले, आणि मराठवाड्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात ऊस उभा राहिला. आमच्या तालुक्यातही साखर कारखाना आहे आणि त्याच तालुक्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण कळंबजवळ धनेगावला असलेले मांजरा धरण आटले होते. रोजगार हमीने हंगामापुरते जगविले, परंतु खाली जाणारी पाण्याची पातळी तिला रोखता आली नाही. ‘युगान्त’ ही भविष्यवाणी होती असे आम्ही म्हणत नाही. भूकबळी टळले म्हणजे अंत टळला असे नव्हे, एवढे मात्र त्या नाटकाने वेळीच ओळखले होते.

१९९४ या वर्षाचा आणखी एक संदर्भ आमच्या भागातील वाचकाला टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. इतकी माणसे मरण्याचे एक मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही या भागातील सुस्थितीची खूण होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे घर त्या पहाटे अंगावर आले. त्यानंतर अनेक वर्षे लोक दगडी घरात निजावयास भीत. ‘चिरेबंदी’ या शब्दाला मराठीत जो भरवशाचा अर्थ होता, तो आमच्या जिल्ह्यात त्या दिवसापासून तसा राहिला नाही. नाटककाराच्या मनात किल्लारी होते असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. त्रयीची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आणि विदर्भाच्या भूमीतील आहे. परंतु साहित्यकृती ज्या काळात वाचकापुढे येते तो काळही तिच्या अर्थात भर घालतो. मराठवाड्यातील वाचकाला वाडा कोसळणे ही प्रतिमा म्हणून वाचणे त्यानंतर अवघड झाले.

येथपर्यंत ‘युगान्त’च्या बाजूने बोललो. आता त्याच्याविरुद्धचा आक्षेप पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. हा अंत कोणाचा? उरलेले दोघेही वाड्याचेच वारस आहेत. एकाजवळ परदेश पाहिल्याचा अनुभव आहे, दुसऱ्याजवळ घराण्याची स्मृती आहे. दोघांजवळही बोलण्यासाठी वेळ आहे आणि भाषा आहे. गाव रिकामे झाले ते कोठे गेले, हे नाटक विचारत नाही. ‘जगायला’ गेलेली माणसे रंगमंचाबाहेर आहेत. आपत्ती सर्वांना समान करते असे वाटू लागते, आणि हा आभास इतिहासाच्या विरुद्ध आहे. दुष्काळात पहिली भाकर कोणाची बंद होते आणि शेवटचा हंडा कोणाला मिळतो, हे जातीने आणि जमिनीने ठरत आले आहे. पाणवठ्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

हा आक्षेप आम्हाला ग्राह्य वाटतो, आणि त्याचे उत्तर नाटकाच्या आत शोधण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवून देणे अधिक योग्य वाटते. ते पुस्तक आमच्याच तालुक्याचे आहे. कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांचे ‘जांभळढव्ह’ आणि ‘मरणकळा’ हे कथासंग्रह ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी, म्हणजे ‘वाडा चिरेबंदी’च्या थोडे आधी आले. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा शालेय पाठ्यपुस्तकामुळे महाराष्ट्रभर पोहोचली. तिच्यात दुष्काळ नाही. पीक आलेले आहे, टमाटे भरपूर आहेत, आणि नेमके त्यामुळेच बाजारात त्यांना भाव नाही. शेवटी बाप आपल्याच हाताने पिकविलेला माल पायांखाली तुडवितो आणि शाळकरी मुलगा ते पाहतो. अवर्षणाशिवायही अंत येतो, भरल्या पाटीसह येतो, ही गोष्ट मराठी कथेत इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितली गेली आहे. सेन यांनी जे अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडले, ते येथे आठवडी बाजारात घडते.

दोन्ही कृतींतील उरलेला माणूस भिन्न आहे. ‘युगान्त’मध्ये उरलेले मागे वळून पाहू शकतात. त्यांच्या मागे काहीतरी होते, त्याचा शोक करता येतो. चंदनशिवांच्या मुलाच्या मागे वाडा नाही. त्याला उद्या पुन्हा शाळेत जावयाचे आहे आणि बापाला पुन्हा शेतात. त्याच्या दृष्टीने युग संपत नाही, हंगाम संपतो. शोक करण्याची फुरसत ज्याला मिळाली त्याची कथा ‘शेवटचा भाग’ होते, आणि ज्याला ती मिळाली नाही त्याची कथा पुढच्या पेरणीत सरकते. मराठीत आपत्तीनंतरच्या जगाची मालिका का झाली नाही, याचे एक कारण येथे असावे. ज्यांच्यावर आपत्ती वारंवार आली त्यांना ती शेवटच्या भागात बंद करता आली नाही.

‘युगान्त’ या शब्दाचा मराठीतील प्रवासही या ठिकाणी आठवावा. इरावती कर्वे यांचा महाभारतावरील ‘युगान्त’ हा ग्रंथ १९६७ मध्ये आला. महाभारताची शेवटची तीन पर्वे, मौसल, महाप्रस्थानिक आणि स्वर्गारोहण, ही खऱ्या अर्थाने आपत्तीनंतर उरलेल्यांची पर्वे आहेत. युद्ध संपलेले आहे, यादव आपसांत लढून नष्ट होतात, द्वारका बुडते, अर्जुनाच्या हातात गांडीव असूनही त्याला स्त्रियांचे रक्षण करता येत नाही. इरावतीबाईंनी या कथेकडे एका समाजरचनेचा शेवट म्हणून पाहिले आणि त्यानंतर आलेले जग वेगळे होते हे दाखविले. शीर्षक सारखे असल्यामुळे दोन कृतींत अनुबंध जोडण्याची घाई करू नये. तथापि दोघांनाही एकच गोष्ट महत्त्वाची वाटली, हे सांगणे वावगे ठरू नये. पराभवाच्या वर्णनापेक्षा पराभवानंतर शिल्लक राहिलेल्या माणसाचे वागणे अधिक बोलके असते.

अंत म्हणजे पूर्णविराम नव्हे, हे शिकविणारी एक जागा आमच्या जिल्ह्यातच आहे. तेर, म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’मध्ये दख्खनचे व्यापारी केंद्र म्हणून त्याचा उल्लेख येतो. ते नगर लयाला गेले. त्याची खापरे, मणी आणि मृण्मूर्ती तेथील लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. पण तेर ओस पडले नाही. त्याच भूमीवर गोरोबाकाकांनी मडकी घडविली, आज तेथे गाव आहे, यात्रा भरते. संग्रहालयातील खापर आणि कुंभाराचे मडके यांची माती एकच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली, तेव्हा अवर्षणाच्या प्रदेशाला आपत्तीचा दुसरा चेहरा दिसला. त्यानंतरही रब्बीची तजवीज कशी करावयाची हाच प्रश्न घराघरांत होता.

अध्यापनाच्या दृष्टीने आमची सूचना साधी आहे. ‘युगान्त’ शिकविताना त्यातील दुष्काळ केवळ मनाच्या कोरडेपणाचे प्रतीक म्हणून सांगू नये. कुळकायदा, बहात्तरचा दुष्काळ, विंधनविहीर आणि ऊस हा क्रम फळ्यावर लिहावा आणि मग परागचे संवाद वाचावेत. त्याच आठवड्यात ‘लाल चिखल’ पुन्हा वाचावयास सांगावे. शाळेत वाचलेली कथा पदवीच्या वर्गात वेगळी दिसते. आमच्या वर्गात दिवाळीनंतर काही बाके रिकामी असतात, कारण ती मुले आईबापांबरोबर तोडीला गेलेली असतात. परीक्षेपुरती ती परत येतात. ‘रिकाम्या झालेल्या गावातील माणसे कोठे गेली’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी आहे. नाटकाने जे रंगमंचाबाहेर ठेवले ते त्यांना लिहावयास सांगावे, आणि त्या लेखनाला निबंधाच्या वहीत जागा द्यावी.